अहवाल आणि आदेश यांमधील अंतर : बालकल्याण व्यवस्थेची समाजकार्याच्या दृष्टिकोनातून चिकित्सा

१. प्रस्तावना

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात सोळा मूलभूत तत्त्वे नमूद केलेली आहेत. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा पुरेशा चौकशीनंतरचा अखेरचा उपाय असावा, असे ही तत्त्वे सांगतात. तत्त्व म्हणून याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न निर्माण होतो तो तत्त्व आणि व्यवहार यांची तुलना केल्यावर.

केंद्र शासनाच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने देशातील बालगृहे व तत्सम संस्थांची पाहणी करून तिचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीत ९,५८९ संस्थांचा समावेश होता. त्या वेळी यांपैकी केवळ ३२ टक्के संस्था बाल न्याय अधिनियमाखाली नोंदलेल्या आढळल्या. संस्थांमधील मुलांची संख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. त्यांत अनाथ मुले सुमारे ४१ हजार, तर एकल पालक असलेली मुले सुमारे १ लाख २० हजार होती. ज्याला आपण रूढ भाषेत 'अनाथाश्रम' म्हणतो, तेथे अनाथांच्या जवळजवळ तिप्पट मुले आई किंवा वडील हयात असलेली आहेत, असा या आकड्यांचा सरळ अर्थ होतो.

आई हयात असताना मूल बालगृहात का येते, आणि आल्यावर तेथेच का राहते, या प्रश्नाचे उत्तर केवळ निधीची कमतरता किंवा अधिकाऱ्यांची अनास्था एवढ्यात सापडत नाही. मुलाला प्रत्यक्ष भेटणारी, त्याचे घर पाहणारी व्यक्ती म्हणजे समाजकार्यकर्ता. मुलाविषयी निर्णय घेणारी व्यवस्था मात्र त्याने लिहिलेला कागद पाहते. या दोहोंमधील अंतर हाच व्यवस्थेतील मूळ दोष आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी अधिनियमातील तरतुदी, सामाजिक तपासणी अहवालाचे स्वरूप, उपलब्ध मनुष्यबळ, संस्थांची तपासणी आणि अनुरक्षण या मुद्द्यांची चिकित्सा केली असून, समाजकार्यकर्त्याची स्वतःची दृष्टीही तपासली आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या व्यवस्थेची मुळे वसाहतकालीन सुधारगृहांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने औद्योगिक सुधारशाळा सुरू झाली. भटक्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना हुन्नर शिकवावा आणि शिस्त लावावी, ही त्यामागील कल्पना होती. पुढे १९२४ मध्ये मुंबई बालक अधिनियम आला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था मुंबईतच सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. म्हणजे कायदा, संस्था आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ता या तिन्ही गोष्टी या प्रांतात अवघ्या बारा वर्षांत उभ्या राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक अधिनियम, १९८६ चा देशव्यापी बाल न्याय अधिनियम, १९९२ मध्ये भारताने मान्य केलेली संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता, त्यानंतर २००० आणि २०१५ चे अधिनियम अशी वाटचाल झाली. या वाटचालीत भाषा निश्चितच बदलली. 'बाल अपराधी' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आले. 'उपेक्षित बालक' जाऊन 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आले. तथापि समाजाच्या तोंडी आजही 'रिमांड होम' हाच शब्द आहे, आणि तो केवळ अज्ञानापोटी टिकून आहे असे म्हणता येणार नाही. कुलूपबंद फाटक, भेटीचा ठरावीक वार, आणि मुलाला 'हजर करणे', 'ताब्यात देणे' ही क्रियापदे पाहता, सुधारगृहाचा साचा अद्याप पुरता मोडलेला नाही हेच दिसते. रेणू गावस्कर यांचे 'आमचा काय गुन्हा?' हे डेव्हिड ससून शाळेतील मुलांच्या सहवासातून आलेले पुस्तक मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच्या शीर्षकातील प्रश्न आजच्या बालगृहातील मुलालाही विचारता येण्यासारखा आहे.

३. सामाजिक तपासणी अहवालाचे स्वरूप

काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यास, प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समाजकार्यकर्ता किंवा बालकल्याण अधिकारी याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल पूर्ण करावा, आणि मूल प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कलम ३६ ची अपेक्षा आहे. मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविणारा निर्णय अशा रीतीने या एका अहवालावर उभा असतो. क्षेत्रात काम करणारे लोक त्याला अजूनही 'गृहचौकशी' म्हणतात. 'चौकशी' या शब्दात संशयाची जी छटा आहे, ती येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

२०१६ च्या आदर्श नियमांमध्ये या अहवालाचा नमुना दिलेला आहे. कुटुंबीयांचे शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न, आई-वडिलांचे परस्परसंबंध, मुलाच्या बऱ्यावाईट सवयी, घर सोडण्याची कारणे, मुलावर झालेले अत्याचार, शाळा सुटण्याची कारणे अशी त्याची मांडणी आहे. ही माहिती अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नमुना बारकाईने वाचला असता त्याचा रोख ध्यानात येतो. या घरात काय बिघडले आहे, हे तो तपशीलवार विचारतो. हे घर उभे राहण्यासाठी काय पुरेसे होईल, हे मात्र तो तितक्या आग्रहाने विचारत नाही. शिफारशीची जागा शेवटी येते. तोपर्यंत वाचणाऱ्याच्या मनात कुटुंबाच्या उणिवांची यादी तयार झालेली असते.

यातून अहवालाची एक ठरावीक भाषा निर्माण होते. 'घरची परिस्थिती हलाखीची', 'आई मोलमजुरी करते', 'वडील व्यसनी', 'मुलाकडे लक्ष देण्यास कोणी नाही', 'सबब संस्थेत दाखल करणे हिताचे' या वाक्यांच्या क्रमात तर्क आहे असे वाटते. वस्तुतः पहिल्या चार विधानांवरून पाचवे निष्पन्न होत नाही. आई मोलमजुरीला जाते म्हणून मुलाकडे लक्ष देण्यास कोणी नसेल, तर त्यावर पाळणाघर, शाळेनंतरचा अभ्यासवर्ग, आजीला दरमहा आर्थिक साहाय्य असे अनेक उपाय संभवतात. परंतु ते उपाय अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती नसतात. त्याच्या हाती एकच गोष्ट खात्रीची असते, ती म्हणजे बालगृहातील रिकामी जागा. परिणामी अखेरचा उपाय हा व्यवहारात पहिला उपाय ठरतो.

मुलाचे म्हणणे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. सहभागाचे तत्त्वही तिसऱ्या कलमात आहेच. परंतु समितीपुढील बैठकीत अनोळखी प्रौढांसमोर उभे असलेले आठ वर्षांचे मूल 'कुठे राहायचे?' या प्रश्नाला जे उत्तर देईल, ते त्याचे मत असते की त्या क्षणाची भीती, हे ओळखण्यास वेळ लागतो. मूल परप्रांतातील असेल तर भाषेचा अडसर येतो. मुंबई किंवा कल्याणच्या रेल्वे स्थानकावर सापडलेल्या उत्तर प्रदेशातील अथवा बिहारमधील मुलाचे घर शोधण्याचे काम त्या राज्यातील जिल्हा यंत्रणेकडून पत्रव्यवहाराने करून घ्यावे लागते. दूरच्या जिल्ह्यातील अनोळखी कर्मचाऱ्याने भरलेल्या नमुन्यावरून येथील समिती निर्णय घेते. येथे अहवाल आणि मूल यांतील अंतर शब्दशः शेकडो मैलांचे असते.

४. दारिद्र्य आणि 'असमर्थ' पालक

अधिनियमातील व्याख्येनुसार, ज्याचे पालक त्याची काळजी घेण्यास अयोग्य किंवा असमर्थ असल्याचे समितीला आढळते, ते मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले मानले जाते. 'अयोग्य' आणि 'असमर्थ' हे दोन शब्द एकाच वाक्यात शेजारी ठेवले आहेत. मुलाचा छळ करणारा पालक अयोग्य होय. ऊसतोडीसाठी वर्षातील सहा महिने फडावर राहणारी बीड जिल्ह्यातील विधवा मात्र अयोग्य नसते. ती असमर्थ असते, आणि ती असमर्थता तिने निर्माण केलेली नसते. दोन्ही मुलांना एकच छत दाखविणे म्हणजे गुन्हा आणि गरिबी यांतील भेद पुसून टाकणे होय.

महाराष्ट्राने या भेदाची जाणीव ठेवून बालसंगोपन योजना राबविली, ही गोष्ट नमूद करणे न्यायाचे ठरेल. मूल कुटुंबातच राहावे यासाठी दरमहा साहाय्य देणाऱ्या या योजनेची रक्कम दीर्घकाळ ४२५ रुपये होती. ती पुढे १,१०० रुपये झाली आणि २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव योजनेस देताना २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये व अन्यत्र ९६,००० रुपये ठेवण्यात आली. म्हणजे ग्रामीण भागात महिना ६,००० रुपयांपेक्षा थोडे अधिक मिळविणारी आई या मदतीच्या कक्षेबाहेर जाते. तिच्या मुलाला बालगृहाचे दार मात्र उघडे असते.

इच्छा असल्यास शासन किती वेगाने कुटुंबापर्यंत पोहोचू शकते, याचे उदाहरण कोविड काळात दिसले. दोन्ही पालक कोविडने गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जून २०२१ मध्ये घेतला. जिल्हावार याद्या झाल्या, कृती दले नेमली गेली. ही तत्परता स्वागतार्हच होती. परंतु त्याच वर्षी क्षयरोगाने, अपघाताने अथवा कर्जबाजारीपणातून झालेल्या आत्महत्येने वडील गमावलेल्या मुलाची गरज वेगळी नव्हती. मुलाच्या हिताऐवजी मृत्यूच्या कारणावरून साहाय्य ठरणे, हे कल्याणकारी व्यवस्थेच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

५. मनुष्यबळाचा प्रश्न

अहवाल तोकडे असतात याचा दोष केवळ लिहिणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष स्थापन करण्याची तरतूद केली. तिच्या आराखड्यात कक्षासाठी दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते अशी पदे होती. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरील एक गृहभेट म्हणजे एक पूर्ण दिवस. पंधरा दिवसांच्या मुदतीचा अर्थ या गणितात तपासून पाहावा. दुसऱ्या भेटीला येथे वाव राहत नाही, आणि कुटुंबाविषयीचे सत्य बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच कळते.

त्यात ही पदे प्रामुख्याने कंत्राटी आहेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली व्यक्ती अल्प मानधनावर, मुदतवाढीच्या प्रतीक्षेत काम करते. ती सोडून गेली की तिच्यासोबत त्या मुलांविषयीची स्मृतीही जाते. फाइल राहते, परंतु मुलाला आपली गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. वारंवार सांगितलेली वेदना हळूहळू पाठ केलेल्या उत्तरासारखी होते, हा धोका समाजकार्याच्या अध्यापनात आवर्जून सांगितला जातो. व्यवस्थेने मात्र तो आपल्या रचनेतच समाविष्ट करून ठेवला आहे.

चाइल्डलाइनचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रीय उपक्रम म्हणून मुंबईत सुरू झालेली १०९८ ही सेवा रस्त्यावरील मुलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घडविली. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेने आपल्या हाती घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. शासनाने जबाबदारी स्वीकारणे योग्यच. परंतु केवळ बोलण्यासाठी फोन करणारे मूल हे आपत्कालीन प्रसंग नसते, आणि त्याला उत्तर देणारा माणूस वेगळ्या प्रशिक्षणाचा असावा लागतो. हा भेद टिकविला गेला नाही, तर सेवेचा क्रमांक तोच राहूनही सेवा बदलेल.

६. तपासणी आणि विश्वास

कलम ५४ नुसार तपासणी समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक संस्थेस भेट देणे बंधनकारक आहे. पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. तरतूद परिपूर्ण दिसते. असे असूनही संस्थांमधील गंभीर प्रकार उघडकीस येतात ते अनेकदा नित्य तपासणीच्या बाहेरून. महाराष्ट्रात २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील संस्थेतील मुलांच्या कुपोषणाचे, आणि २०११ मध्ये पनवेलजवळील कळंबोली येथील मतिमंद मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण समोर आले, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. तपासणीची व्यवस्था त्यापूर्वीही अस्तित्वात होतीच.

बिहारमधील मुजफ्फरपूरचे प्रकरण या दृष्टीने सर्वाधिक अभ्यसनीय आहे. राज्य शासनाच्याच सांगण्यावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या उपक्रमातील कार्यकर्त्यांनी बिहारमधील शंभराहून अधिक निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि २०१८ मध्ये अहवाल सादर केला. त्यातील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाविषयीच्या गंभीर नोंदीवरून पुढील तपास झाला. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीस वर्ग केला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. दोषींमध्ये बालकल्याण समितीचे तत्कालीन अध्यक्ष व एक सदस्य, तसेच बाल संरक्षण अधिकारीही होते. ज्यांनी तपासावयाचे तेच आरोपी ठरले, हा या प्रकरणाचा सर्वांत भयंकर भाग होय.

येथे दोन पद्धतींमधील फरक लक्षात येतो. नित्य तपासणी ही नोंदवही, धान्यसाठा, स्वच्छतागृहांची संख्या आणि हजेरीपट पाहते. सामाजिक लेखापरीक्षणाचा भर तेथे राहणाऱ्यांशी बोलण्यावर असतो. पहिली संस्थेला प्रश्न विचारते, दुसरी मुलांना. मूल अनोळखी व्यक्तीशी मोकळेपणाने बोलावे यासाठी कोणते तंत्र लागते, हे समाजकार्याचे मूलभूत कौशल्य आहे. तपासणी पथकाच्या रचनेत वैद्यकीय अधिकाऱ्याला जे अनिवार्य स्थान आहे, तेच या कौशल्यालाही असावयास हवे.

७. अठरा वर्षांनंतर

बालगृहातील मुलाचा अठरावा वाढदिवस हा व्यवस्थेच्या लेखी फाइल बंद होण्याचा दिवस असतो. कलम ४६ नुसार संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल'. 'द्यावे लागेल' असे कायदा म्हणत नाही. आदर्श नियमांनुसार अनुरक्षण वयाच्या २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. महाराष्ट्रात अनुरक्षणगृहे आहेत. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण देऊन एक महत्त्वाचे पाऊलही उचलले. मात्र अनाथ प्रमाणपत्र ही त्याची पूर्वअट आहे. ज्यांची आई हयात आहे परंतु दहा वर्षे भेटलेली नाही, अशा मुलांचे स्थान या वर्गवारीत कोठेच नीट बसत नाही. ती अनाथ नाहीत, आणि त्यांना घरही नाही. दारिद्र्यामुळे ज्यांना घरापासून वेगळे केले, त्यांना अठराव्या वर्षी पुन्हा त्याच दारिद्र्याकडे, परंतु आता नात्याशिवाय, परत पाठविले जाते.

८. समाजकार्यकर्त्याच्या दृष्टीची चिकित्सा

समाजकार्यकर्त्याचे म्हणणे ऐकले म्हणजे सर्व दोष दूर होतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याची दृष्टीही समाजातूनच घडलेली असते. 'चांगले घर' म्हणजे पक्के बांधकाम, वेगळी अभ्यासाची जागा, दिवसा घरी असणारी आई, ही कल्पना मध्यमवर्गीय आहे. पारधी वस्तीतील किंवा पुलाखालील घर या मोजपट्टीवर नेहमीच नापास होणार. तेथे मुलाला दहा जणांची माया मिळत असेल, हे नमुन्यात नोंदवायला रकाना नसतो आणि पाहणाऱ्यालाही ते सहज दिसत नाही. अहवालातील पूर्वग्रह हा कधी व्यवस्थेने लादलेला, तर कधी लिहिणाऱ्याने स्वतः आणलेला असतो.

याउलट टोकही टाळावयास हवे. प्रत्येक घर सुरक्षित नसते. मुलीची विक्री करणारे, बालविवाह लावणारे, लैंगिक अत्याचार झाकणारे घर हेही वास्तव आहे. अशा मुलांसाठी चांगले बालगृह हा उपकार नसून हक्क आहे. म्हणून बालगृहे बंद करावीत, असा प्रस्तुत विवेचनाचा अर्थ नाही. ज्यांना बालगृहाची खरी गरज आहे त्यांच्या वाट्याला चांगले बालगृह यावे यासाठीच, ज्यांना त्याची गरज नाही अशी मुले घरी असणे आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अधिनियमातील तत्त्वे कुटुंबकेंद्री असली, तरी व्यवस्थेची साधने संस्थाकेंद्री आहेत. त्यामुळे अखेरचा उपाय पहिला ठरतो.

२) सामाजिक तपासणी अहवाल कुटुंबाच्या उणिवा नोंदवितो, त्याच्या क्षमता नोंदवीत नाही. संस्थेत ठेवण्याची शिफारस करण्यापूर्वी कोणते पर्याय तपासले आणि ते का शक्य झाले नाहीत, हे लिहिणे अहवालात बंधनकारक असावे.

३) गरिबीमुळे असमर्थ आणि वर्तनामुळे अयोग्य असे पालकांचे दोन वर्ग निर्णयप्रक्रियेत स्पष्टपणे वेगळे धरले जावेत. पहिल्या वर्गासाठी आर्थिक साहाय्याचा आदेश देण्याची आणि तो ठरावीक मुदतीत अंमलात आणून घेण्याची शक्ती बालकल्याण समितीस असावी.

४) जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समाजकार्यकर्त्यांची पदे नियमित व तालुक्यांच्या संख्येच्या प्रमाणात असावीत.

५) तपासणी पथकात मुलांशी संवाद साधण्याचे प्रशिक्षण असलेली, संबंधित जिल्ह्याबाहेरील व्यक्ती अनिवार्य असावी.

६) अठरा वर्षांनंतरचे साहाय्य ऐच्छिक न राहता हक्काचे व्हावे, आणि त्याचा आधार अनाथत्व नसून संस्थेतील वास्तव्य हा असावा.

यांतील एकही सूचना सर्वस्वी नवी नाही. बहुतेकांची बीजे २०१५ च्या अधिनियमातच आहेत. उणीव आहे ती मुलाला ओळखणाऱ्या माणसाच्या शब्दाला निर्णयात वजन देण्याची, आणि त्या माणसाला मुलाची ओळख होईल इतका वेळ देण्याची. पंधरा दिवसांत भरलेला नमुना आणि एका मुलाचे पुढील दहा वर्षांचे आयुष्य यांतील अंतर कमी होत नाही, तोवर या व्यवस्थेच्या नावातील 'कल्याण' हा शब्द अपेक्षेच्या पातळीवरच राहील.